शाखा बदलायचीय? अर्ज असा लिहा की वाचणाऱ्याला ‘हो’ म्हणता येईल

शाखा बदलून मागणारे बहुतेक अर्ज उलट्या टोकाने सुरू होतात. आत्ताचा विषय का नकोसा झालाय, हेच विद्यार्थी पानभर सांगत बसतो. डोक्यावरून जातं, मन लागत नाही, घरच्यांच्या आग्रहाखातर घेतला होता. हे सगळं खरं असतं, पण निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न वेगळाच असतो: ही मुलगी नव्या शाखेत टिकेल का? जुन्या शाखेबद्दलच्या तक्रारींतून त्याचं उत्तर मिळत नाही. उलट ‘इथे जमलं नाही, तिथे तरी कशावरून जमेल’ अशी शंका येते.

सही करणाऱ्यालाही कोणाला तरी उत्तर द्यायचं असतं. वर समिती असते, जागा मोजक्या असतात, आणि नाकारलेला दुसरा विद्यार्थी उद्या येऊन ‘तिला दिली, मग मला का नाही’ असं विचारू शकतो. फाइलवर तो जो दोन ओळींचा शेरा मारणार आहे, तो तुमच्या अर्जातून जसाच्या तसा उचलता आला पाहिजे. मन मोकळं करायला मित्र आहेत.

आधी नियम वाचा

शाखाबदल सगळीकडे एकसारखा होत नाही. काही विद्यापीठांत मुख्य विषय न ठरवताच प्रवेश घेता येतो आणि साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत तो जाहीर करायचा असतो. अमेरिकेत ही पद्धत सर्रास आहे. तिथे बदल म्हणजे बऱ्याचदा एक फॉर्म आणि सल्लागार प्राध्यापकाची सही, लांबलचक पत्र कोणी मागतही नाही. मात्र त्याच विद्यापीठात नर्सिंग किंवा इंजिनिअरिंगसारख्या मागणी असलेल्या शाखांना वेगळी निवडप्रक्रिया असू शकते. दुसऱ्या पद्धतीत प्रवेशच ठरावीक अभ्यासक्रमाला मिळतो. मग रिकाम्या जागा, पहिल्या वर्षाचे गुण आणि गुणवत्ता यादी यांवर सगळं ठरतं, आणि पत्र कितीही चांगलं असलं तरी गुणांची अट शिथिल होत नाही. तिसरीकडे अंतर्गत बदल होतच नाही, नव्याने प्रवेश घ्यावा लागतो.

आपली संस्था यांपैकी कुठल्या प्रकारात मोडते हे कळल्याशिवाय अर्जाची पहिली ओळही लिहू नका. नियमपुस्तिका किंवा शैक्षणिक विभागाची परिपत्रकं काढा आणि एवढं शोधा: अर्ज कोणाकडे करायचा, मुदत कधीपर्यंत, किती गुण किंवा किती जीपीए (श्रेणींची सरासरी) लागतो, कोणत्या सत्रानंतर बदल चालत नाही, बॅकलॉग असेल तर अर्ज घेतात का, आणि शाखा एकदाच बदलता येते की परतही जाता येतं. शेवटचा मुद्दा बरेच जण बघत नाहीत. परतीची वाट बंद असेल तर निर्णयाचं वजन एकदम वाढतं.

मुदतीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. शाखाबदलाची खिडकी सहसा निकाल लागल्यावर किंवा सत्र संपताना थोडेच दिवस उघडी असते, आणि फॉर्मवर आधी एक-दोन विभागप्रमुखांच्या सह्या लागतात. विभागप्रमुख सुट्टीवर किंवा परीक्षेच्या कामात असू शकतात. फॉर्म भरायची शेवटची तारीख कळली की सह्यांसाठीची तारीख स्वतःच्या मनाशी आठवडाभर अलीकडे धरा.

नव्या विभागात जाऊन बोला

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा असं मी सांगेन. चांगल्या अर्जातली निम्मी वाक्यं या बोलण्यातून मिळतात, आणि ती नेटवरच्या कुठल्याही नमुन्यात सापडत नाहीत.

थेट केबिनच्या दारात जाऊन उभं राहण्याऐवजी छोटा ईमेल करून वेळ मागा (क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेलं वजन, त्याचा हिशेब पुढे येईलच):

‘नमस्कार मॅडम, मी रसायनशास्त्राच्या प्रथम वर्षाला आहे. मला संख्याशास्त्र शाखेत बदलीसाठी अर्ज करायचा आहे. अर्ज करण्याआधी माझे कोणते क्रेडिट चालतील आणि कोणते विषय भरून काढावे लागतील, हे आपल्याकडून समजून घ्यायचे आहे. या आठवड्यात पंधरा मिनिटांची वेळ मिळू शकेल का? सोबत गुणपत्रक जोडले आहे.’

एवढं पुरे. कहाणी सांगू नका, प्रश्न सांगा. समोरच्यालाही गुणपत्रक आधी बघून ठेवता येतं.

भेटीत जागांबद्दल विचारा, पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो पूर्वअटींचा. प्रत्येक शाखेत विषयांची साखळी असते. पहिला पेपर झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि दुसऱ्याशिवाय तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प मिळत नाही. त्यात बरेच विषय वर्षातून एकदाच, ठरावीक सत्रात शिकवले जातात. म्हणजे राहिलेला विषय फक्त विषम सत्रात होत असेल आणि तुमची बदली सम सत्रात झाली, तर तो विषय सुरू होईपर्यंत एक सत्र थांबावं लागतं, आणि त्याच्या पुढचे सगळे विषय वर्षभर मागे सरकतात. कागदावर फक्त चार क्रेडिटची तूट दिसते, प्रत्यक्षात पदवी एक वर्षाने लांबते. म्हणून नुसतं ‘कोणते विषय राहिलेत’ एवढंच विचारून उठू नका. ‘ते कोणत्या सत्रात शिकवतात आणि त्यांच्यावर पुढे काय अवलंबून आहे’ हेही विचारा आणि तिथेच वहीत लिहून घ्या.

जमलं तर त्या शाखेच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या तासाला परवानगी घेऊन बसा. पहिल्या वर्षाचे तास बहुतेक सगळ्याच शाखांत गोड असतात, खरी शाखा पुढे दिसते. मानसशास्त्र म्हणजे माणसांशी बोलणं असं समजून येणाऱ्याला संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचे पेपर भेटतात. संगणकशास्त्र म्हणजे ॲप बनवणं असं वाटणाऱ्याला विविक्त गणित (डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स) भेटतं. हे आधी बघून आलेला विद्यार्थी अर्जात ओळखू येतो.

क्रेडिटचं गणित स्वतः मांडा

पदवी म्हणजे ठरावीक क्रेडिटची बेरीज. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, म्हणून तीन वर्षांची पदवी १८० ची होते. अमेरिकेत चार वर्षांची पदवी साधारण १२० सेमिस्टर क्रेडिटची असते. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० क्रेडिट लागतात. आकडे वेगळे असले तरी प्रश्न सगळीकडे तोच: आतापर्यंत मिळवलेल्यातले किती नव्या शाखेत मोजले जातील?

कागदावर तीन रकाने करा. पहिल्यात दोन्ही शाखांना समान असलेले विषय येतील, जसे भाषा, गणित, संगणक. हे सहसा सरळ चालतात. दुसऱ्यात जुन्या शाखेचे असे विषय, जे नव्या शाखेत ऐच्छिक म्हणून धरता येतील. इथे विभागाचा शब्द लागतो, तुमचा अंदाज चालत नाही. तिसऱ्यात वाया जाणारे. मग नव्या शाखेच्या विद्यार्थ्याने आजवर जे केलं असतं त्यातलं तुमचं काय राहिलंय ते लिहा, आणि एका सत्रात जास्तीत जास्त किती क्रेडिट घेता येतात ते नियमात बघा. तूट त्या मर्यादेत बसत असेल तर अर्जात ठासून लिहा. बसत नसेल तर एक सत्र जास्त लागेल हे स्वतःहून कबूल करा. समितीतल्या कोणीतरी हिशेब करून ते तुमच्यासमोर ठेवण्यापेक्षा तुम्हीच ठेवलेलं बरं.

पैसा आणि कागदपत्रांच्या बाजूने दोन-तीन फोन आधीच करून ठेवा. शिष्यवृत्ती ठरावीक शाखेसाठी मिळाली असेल तर ती बंद होऊ शकते. शैक्षणिक कर्ज अभ्यासक्रमाच्या नावावर मंजूर झालं असेल तर बँकेला कळवावं लागतं. अमेरिकेत सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या ठरलेल्या लांबीच्या १५० टक्क्यांच्या आत अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, म्हणजे १२० क्रेडिटच्या पदवीसाठी घेतलेल्या क्रेडिटची मर्यादा १८०. वारंवार शाखा बदलणारा त्या मर्यादेला येऊन टेकू शकतो. तिथे एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असाल तर आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेल्या कागदावर, मुख्य विषयाची नोंद असते, त्यामुळे बदल झाल्यावर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून नवा आय-२० काढून घ्यावा लागतो.

आता अर्ज

अर्ज कोणाच्या नावे करायचा ते नियमात असेलच. नसेल तर ज्या विभागात जायचंय त्याच्या विभागप्रमुखांच्या नावे करा आणि सध्याच्या विभागप्रमुखांना प्रत द्या. सध्याच्या विभागाला अंधारात ठेवू नका. ना हरकत त्यांच्याकडूनच लागते, आणि बातमी दुसरीकडून कळली की माणसं दुखावतात.

लांबी एक पान. फॉर्ममध्ये शब्दमर्यादा दिली असेल तर ती पाळा, नाहीतर साडेतीनशे-चारशे शब्दांत सगळं बसतं. संस्थेचा कारभार ज्या भाषेत चालतो त्या भाषेत लिहा. रचना कुठल्याही भाषेत हीच राहते.

विषयाच्या ओळीत पूर्ण माहिती द्या. ‘शाखाबदलाबाबत’ एवढंच लिहिलं तर कार्यालयातल्या माणसाला अर्ज उघडून वाचावा लागतो. ‘रसायनशास्त्र शाखेतून संख्याशास्त्र शाखेत बदलीसाठी विनंती, सत्र तिसरेपासून’ असं लिहिलं की काम कुठल्या टेबलावर जायचं ते तिथेच ठरतं.

पहिल्या परिच्छेदात मागणी. तुम्ही कोण, कुठल्या वर्षाला, कुठून कुठे आणि कधीपासून. ‘सविनय निवेदन करण्यास अत्यंत आनंद होतो की’ असली प्रस्तावना गाळा. ‘विनंती’ हा एक शब्द नम्रतेचं काम पुरेसं करतो.

दुसरा परिच्छेद कारणाचा, आणि इथेच अर्ज तरतो किंवा बुडतो. ‘मला लहानपणापासून आकड्यांची आवड आहे’ हे कोणीही लिहू शकतं, त्यामुळे त्याला किंमत नाही. त्याऐवजी एक प्रसंग द्या, ज्यातून नव्या विषयाकडे कल कसा गेला ते दिसेल. प्रसंग मोठा असण्याची गरज नाही, खरा आणि नेमका असला पाहिजे. प्रयोगशाळेत काय झालं, कोणता पेपर लिहिताना काय जाणवलं, सुट्टीतल्या कामात काय हाताला लागलं. तुमच्याशिवाय दुसरं कोणी ते वाक्य लिहू शकणार नाही, एवढीच कसोटी.

तिसऱ्या परिच्छेदात पुरावा. नव्या विषयाशी जोडलेला कोणता पेपर केला, त्यात किती गुण, कोणता प्रकल्प, कोणता ऑनलाइन कोर्स खरोखर पूर्ण केला. अर्धवट सोडलेल्या कोर्सची नावं घालू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. चौथ्यात वर काढलेलं क्रेडिटचं गणित. मग सोबतच्या कागदांची यादी आणि सही.

नमुना म्हणून एक पूर्ण अर्ज देतो. आकडे कल्पित आहेत, मांडणी बघा.

दिनांक: ________

प्रति,
मा. विभागप्रमुख,
संख्याशास्त्र विभाग,
(महाविद्यालयाचे नाव)

प्रत: मा. विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग

विषय: रसायनशास्त्र शाखेतून संख्याशास्त्र शाखेत बदलीसाठी विनंती, सत्र तिसरेपासून

महोदया,

मी अ. ब. क., बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या प्रथम वर्षाची विद्यार्थिनी (नोंदणी क्रमांक ________). दोन्ही सत्रे मी अनुशेष न ठेवता उत्तीर्ण झाले आहे. तिसऱ्या सत्रापासून मला संख्याशास्त्र शाखेत बदली मिळावी, अशी विनंती करते.

पहिल्या सत्रात टायट्रेशन करताना आमच्या गटाची रीडिंग दर वेळी थोडी वेगळी येत होती. सरासरी काढून प्रयोग पूर्ण झाला, पण हा फरक ब्युरेटमुळे पडतो की आमच्या हातामुळे, हे ठरवायचे कसे, हा प्रश्न माझ्या मनात राहिला. सरांच्या परवानगीने मी वर्गातील इतर गटांची रीडिंग घेऊन त्यांची सरासरी आणि प्रमाण विचलन काढले. त्यातून एकाच ब्युरेटवर काम केलेल्या तीन गटांचे उत्तर सारख्याच बाजूला झुकत असल्याचे दिसले. त्या प्रयोगातील रसायनापेक्षा हा शोध मला जास्त जवळचा वाटला, आणि तेव्हापासून मी संख्याशास्त्राचा गंभीरपणे विचार करू लागले.

दुसऱ्या सत्रात मी ‘प्राथमिक संख्याशास्त्र’ हा ऐच्छिक पेपर घेतला व त्यात ‘ए’ श्रेणी मिळवली. गणिताच्या दोन्ही पेपरांतही माझी श्रेणी ‘ए’ आहे. आपल्या विभागाच्या द्वितीय वर्षाच्या दोन तासांना मी परवानगीने उपस्थित राहिले असून अभ्यासक्रमाचे स्वरूप समजून घेतले आहे.

माझे आतापर्यंत ४० क्रेडिट पूर्ण झाले आहेत. विभागाच्या समन्वयकांशी झालेल्या चर्चेनुसार त्यातील २२ क्रेडिट (गणित ८, भाषा ६, संगणक ४, प्राथमिक संख्याशास्त्र ४) थेट ग्राह्य धरता येतील व १० क्रेडिट खुले ऐच्छिक म्हणून धरता येतील. उरलेली ८ क्रेडिटची तूट ‘वर्णनात्मक संख्याशास्त्र’ हा पेपर तिसऱ्या सत्रात आणि ‘संभाव्यता सिद्धांत’ हा पेपर चौथ्या सत्रात जादा घेऊन भरून काढण्याची माझी तयारी आहे. त्यामुळे त्या दोन सत्रांत प्रत्येकी २४ क्रेडिट होतील. ही संख्या नियमाच्या मर्यादेत बसते आणि पदवीचा कालावधी वाढत नाही.

आवश्यक वाटल्यास मुलाखतीसाठी किंवा चाचणीसाठी मी उपस्थित राहीन.

आपली विश्वासू,
(सही)
अ. ब. क.
(दूरध्वनी, ईमेल)

सोबत: १) दोन्ही सत्रांची गुणपत्रके २) क्रेडिट तुलनेचा तक्ता ३) सध्याच्या विभागाचे ना हरकत पत्र ४) टायट्रेशन रीडिंगच्या विश्लेषणाची प्रत

या अर्जात रसायनशास्त्राबद्दल एकही वाईट शब्द नाही, तरी ती तिथून का निघतेय ते कळतं. चौथ्या परिच्छेदात तर विभागप्रमुखांचं काम जवळपास करून ठेवलंय. ‘समन्वयकांशी चर्चा झाली’ हे वाक्य मात्र चर्चा झाली असेल तरच लिहा, कारण खात्री करायला एक फोन पुरतो.

अडचणीच्या जागा

सगळ्यांचं गुणपत्रक असं स्वच्छ नसतं. जुन्या शाखेत गुण कमी असतील तर ते लपवता येणार नाहीत, गुणपत्रक सोबत जोडलेलंच असतं. एक-दोन वाक्यांत सरळ मांडा आणि पुढे जा: ‘भौतिक रसायनशास्त्रात माझे गुण कमी आहेत. गणित आणि संगणकाच्या पेपरांत मात्र दोन्ही सत्रांत पहिल्या श्रेणीत आहे.’ फरक वाचणाऱ्यालाच दिसू द्या. सगळ्याच विषयांत गुण कमी असतील, तर या सत्रात निदान एका संबंधित विषयात चांगली कामगिरी करून पुढच्या खिडकीत अर्ज करणं शहाणपणाचं. नव्या शाखेत जाऊन सुधारेन हे आश्वासन समितीने खूप वेळा ऐकलेलं असतं.

आजारपण किंवा घरातली मोठी अडचण हे गुण घसरण्याचं कारण असेल तर त्याचा उल्लेख करा, कागद जोडा, पण तपशिलात शिरू नका. ‘दुसऱ्या सत्रात शस्त्रक्रियेमुळे सहा आठवडे अनुपस्थित होते, वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत’ एवढं भागतं. तुमचा अर्ज बऱ्याच हातांतून जातो. जे सगळ्यांनी वाचावंसं वाटत नाही ते त्यात नको.

घरच्यांनी ही शाखा घ्यायला लावली होती, हे कारण खरं असलं तरी अर्जात दुबळं पडतं. त्यातून तुमचा निर्णय दुसऱ्याने घेतला एवढंच दिसतं. ‘प्रवेशाच्या वेळी मला या दोन शाखांमधला फरक पुरेसा माहीत नव्हता. वर्षभराच्या अनुभवानंतर हा निर्णय मी स्वतः घेतला आहे’ असं लिहिलं की तीच गोष्ट तुमच्या बाजूने बोलते.

सध्याच्या विभागातल्या कोणाबद्दल तक्रार असेल, अगदी रास्त तक्रार असेल, तरी ती या अर्जात नको. तिच्यासाठी तक्रार निवारणाची वेगळी वाट असते आणि ती वाट जरूर धरावी. दोन्ही एका कागदावर आले की शाखाबदलाचा अर्ज चौकशीच्या फाइलीत अडकून पडतो.

आणि नोकरी. सगळे ज्या शाखेकडे धावतायत तिथेच जायचं असेल तर वाचणारा आधीच सावध असतो. ‘या क्षेत्रात भरपूर संधी आहेत’ हे वाक्य तुमच्या आधी पन्नास जणांनी लिहिलेलं असतं. नोकरीचा विचार करणं गैर नाही, पण लिहायचंच तर नेमकं लिहा: कोणतं काम, त्याला या शाखेतले कोणते विषय लागतात, आणि सध्याच्या शाखेतून तिथे का पोचता येत नाही. सध्याच्या शाखेतून पोचता येत असेल, तर मग अर्ज कशाला, हा प्रश्न स्वतःलाच विचारून बघा. एखादा मायनर (मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय) किंवा दोन-तीन ऐच्छिक पेपर घेऊनही काम होण्यासारखं असतं.

पाठवण्याआधी

अर्ज दोघांना वाचायला द्या. एक जण असा, ज्याला तुमच्याबद्दल काहीच माहीत नाही. वाचून झाल्यावर त्याला विचारा, मी काय मागतेय आणि मला का द्यावं? दोन्ही उत्तरं त्याला न अडखळता देता आली पाहिजेत. दुसरा वाचक शुद्धलेखनाला. विभागाचं नाव, विभागप्रमुखांचं पद आणि विषयांची अधिकृत नावं अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेवरून ताडून बघा. दुसऱ्या महाविद्यालयाचं नाव तसंच राहिलेला अर्ज दर वर्षी कुठेतरी येतोच.

तयार नमुन्यातून वाक्यं उचलू नका, माझ्या वरच्या नमुन्यातूनही नको. एकाच ढिगात तीन अर्जांत तोच टायट्रेशनचा प्रसंग आला तर तिघांचंही काही खरं नाही.

ईमेलने पाठवताना अर्ज आणि सोबतचे कागद एकाच पीडीएफमध्ये क्रमाने लावा, आणि फाइलला स्वतःचं नाव, नोंदणी क्रमांक आणि ‘शाखाबदल अर्ज’ असं नाव द्या. ‘स्कॅन००४’ नावाची फाइल डाउनलोडच्या गर्दीत हरवते. कागदावर देत असाल तर दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. पोच मागायला संकोच वाटतो खरा, पण मुदतीचा वाद निघाला तर हाच शिक्का कामी येतो.

उत्तराची मुदत नियमात दिली असेल तर तोपर्यंत थांबा. दिली नसेल तर साधारण दोन आठवड्यांनी एक विनम्र स्मरणपत्र पाठवा, आवक क्रमांकासह. रोज कार्यालयात चकरा मारून काम पुढे सरकत नाही.

या मधल्या काळात जुन्या शाखेचे तास बुडवू नका. लेखी मंजुरी हातात येईपर्यंत तुम्ही जुन्याच शाखेचे विद्यार्थी असता. हजेरी, अंतर्गत परीक्षा, प्रॅक्टिकल सगळं चालू ठेवा. ‘होणारच आहे’ असं समजून निर्धास्त झालेल्यांची हजेरी भरत नाही, आणि मंजुरीची अट म्हणून चालू सत्र उत्तीर्ण होणं आवश्यक असेल तर तिथेच गाडी अडते.

नकार आला तर

नकाराचं कारण लेखी मागा. जागा नव्हती म्हणून नकार आणि गुण कमी पडले म्हणून नकार, यांवर पुढची पावलं वेगळी असतात. जागा नसेल तर प्रतीक्षा यादी आहे का आणि पुढची खिडकी कधी ते विचारा. गुण कमी असतील तर किती हवेत आणि कोणत्या विषयांत, ते विचारा. पूर्वअट राहिली असेल तर तो पेपर आत्ताच ऐच्छिक म्हणून घेता येतो का बघा. पुढच्या अर्जात ‘मागील अर्जाच्या वेळी सांगितलेली अट मी पूर्ण केली आहे’ हे वाक्य लिहिता येणं मोठी गोष्ट आहे. अपिलाची तरतूद असेल तर ती नवीन माहिती असेल तरच वापरा. तोच अर्ज जास्त आर्जवी भाषेत पाठवून काही हाती लागत नाही.

सध्याची शाखा पूर्ण करून पदव्युत्तर पातळीवर दिशा बदलणं हाही रस्ता आहे. काही विषयांत तो सोपा असतो, काहींत पदवीच त्याच विषयाची लागते. ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याची प्रवेशपात्रता वाचली की दहा मिनिटांत कळतं.

मंजुरी आल्यावर

मंजुरीचं पत्र मिळालं की कोणते क्रेडिट ग्राह्य धरले याची सही-शिक्क्याची यादी मागून घ्या. तोंडी ठरलेलं दोन वर्षांनी पदवीच्या वेळी कोणाला आठवत नाही, समन्वयक बदललेले असतात. विद्यार्थी पोर्टलवर नवी शाखा दिसतेय का, नव्या विषयांची नोंदणी झालीय का, परीक्षेच्या फॉर्मवर जुने विषय तर आले नाहीत ना, हे स्वतः तपासा. फीमधला फरक, शिष्यवृत्तीचं कार्यालय, बँक, व्हिसा असेल तर ते कार्यालय, सगळीकडे मंजुरीची प्रत पोचवा. जुन्या प्रयोगशाळेचं सामान आणि विभागीय ग्रंथालयाची पुस्तकं परत करून ना-देय दाखला घ्या, नाहीतर तो नेमका शेवटच्या सत्रात मागितला जातो. आणि नव्या विभागातल्या वरच्या वर्गाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून राहिलेल्या विषयांच्या वह्या सत्र सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा.